दाणा बारीक म्हणजे फोटो शार्प, असं नसतं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर लगेच लक्षात येईल. तुम्ही उदगीरहून वेरूळला गेलात. जुना घेतलेला ३५ मिमीचा कॅमेरा, ५० मिमीची लेन्स, ४०० स्पीडचा (स्पीड म्हणजे उजेडाला फिल्म किती संवेदनशील त्याचा आकडा) इलफर्डचा काळा-पांढरा एचपी५ रोल. कैलास लेण्यात पुढचं-मागचं सगळं स्पष्ट यावं म्हणून अ‍ॅपर्चर एफ २२ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र अगदी बारीक करून ठेवलंत. स्टँड लावू दिला नाही, म्हणून कॅमेरा हातातच धरला. घरी डी-७६ या डेव्हलपरमध्ये (चित्र उमटवणाऱ्या द्रावणात) रोल धुतलात, एका फ्रेमची ८ बाय १० इंची कॉपी काढून घेतलीत आणि हिरमुसलात. आकाशात दाणे दिसतायत आणि दगडावरची नक्षी मात्र लोण्यासारखी मऊ आलीय. मित्र म्हणाला, रोल चुकला, १०० स्पीडचा कोडॅकचा टी-मॅक्स घे, दाणा बारीक होईल, फोटो आपोआप शार्प येईल. आता रोल बदलू, लेन्स बदलू की डेव्हलपर, असं तुम्ही विचारताय.

तूर्त यातलं काहीच बदलू नका. तुमची निगेटिव्ह मी पाहिलेली नाही, त्यामुळे दोष नक्की कुठे आहे हे इथे बसून ठामपणे सांगता येणार नाही. पण संभाजीनगरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, तीसेक वर्षं डार्करूममध्ये उभा राहिलोय आणि अशा कॉपी घेऊन आलेले पुष्कळ जण पाहिलेत. बहुतेकांची गल्लत एकच असते. शार्पनेस, बारकावे आणि दाणा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण तिन्हीला ‘शार्प’ या एकाच शब्दात कोंबतो.

घरातलं वर्तमानपत्र घ्या, छोट्या जाहिरातींचं पान उघडा. त्यातल्या एखाद्या शब्दावरचा अनुस्वार बघा. तो ठिपका साधारण अर्ध्या मिलिमीटरचा असतो. फोटोत तो वेगळा दिसतो का, की अक्षरात विरघळून ‘बंद’चं ‘बद’ होतं? हा झाला बारकाव्यांचा, म्हणजे रिझोल्यूशनचा प्रश्न. आता त्याच शब्दाची शिरोरेषा बघा. काळ्याचं पांढरं कसं होतं, एका झटक्यात, की करड्या उतारावरून घसरत? हा रेखीवपणाचा प्रश्न, आणि डोळा ज्याला शार्प म्हणतो ते बहुतांशी हेच असतं. तिसरी गोष्ट, अक्षरांमधल्या कोऱ्या कागदावर जी रवाळ कुजबुज दिसते ती. तो दाणा.

या तिघांचं एकमेकांशी नातं आहे, पण एक सुधारला की बाकीचे सुधारतीलच असं नाही. अनुस्वार दिसतोय पण शिरोरेषा मऊ आहे, असा फोटो असू शकतो. तो बघताना काहीतरी दुधाळ वाटतं, आणि का ते सांगता येत नाही. उलटही होतं. पैठणला नाथषष्ठीच्या वेळी दिंडीतल्या एका म्हातारीचा फोटो मी ४०० स्पीडच्या रोलवर काढला होता. १२ बाय १५ इंचाची कॉपी केली, त्यात गालावर दाणा सरळ मोजता येतो. तरी भिंतीजवळ येणारा प्रत्येक जण म्हणतो, किती शार्प आहे! कारण सुरकुत्यांच्या कडा तिरप्या उन्हात कोरल्यासारख्या आल्यात, आणि दाणाही तितकाच कडक आहे. डोळ्याला धरायला काहीतरी मिळतं.

तर तुमच्या कॉपीचं निदान. त्यासाठी दाणाच तुमच्या कामाचा आहे. दाणा फिल्ममध्ये असतो, कॅमेऱ्यासमोरच्या दगडात नसतो. त्यामुळे कॉपीत दाणा टोकदार, नेटका दिसत असेल आणि नक्षी मऊ असेल, तर एन्लार्जरने (निगेटिव्ह कागदावर मोठी करून पाडणाऱ्या यंत्राने) आपलं काम नीट केलंय आणि बिघाड फोटो काढताना झालाय. दाणाच पुसट असेल, कोपऱ्यात एक आणि मध्ये एक असा असेल, तर कॅमेऱ्याला दोष देण्याआधी एन्लार्जर तपासा. फोकस हललाय, किंवा दिव्याच्या उष्णतेने निगेटिव्ह मध्येच फुगून वर आलीय, किंवा लेन्स पूर्ण उघडी ठेवलीय. तिथे एफ ८ च्या आसपास ठेवलं, निगेटिव्ह गरम झाल्यावर पुन्हा फोकस पाहिला, की बहुतेक वेळा भागतं. तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमचा दाणा स्पष्ट आहे. म्हणजे कॉपी काढणाऱ्याची चूक नाही.

आता निगेटिव्ह उजेडावर धरा आणि कॅमेऱ्याची ५० मिमीची लेन्स काढून भिंगासारखी डोळ्याला लावा. साधारण पाचपट मोठं दिसेल, वेगळं भिंग विकत घ्यायला नको. चमकणारे बारीक ठिपके शोधा, एखाद्या ओल्या दगडावरची चकाकी, पर्यटकाच्या चष्म्याची कड. ठिपके सगळीकडे एकाच दिशेला लांबट झाले असतील तर हात हललाय. ठिपक्याची गोल चकती झाली असेल आणि पुढची किंवा मागची दुसरी एखादी गोष्ट नीट असेल, तर फोकस चुकलाय. दिशा नाही, चकती नाही, सगळंच सारखं मऊ असेल, तर अ‍ॅपर्चरकडे किंवा लेन्सच्या काचेवर साचलेल्या धुक्याकडे संशय घ्या. तुमच्या बाबतीत पहिलं आणि तिसरं दोन्ही सापडेल असा माझा अंदाज आहे, आणि दोन्हीचं मूळ त्या एफ २२ मध्ये आहे.

हे थोडं आकड्यांत सांगतो. उजेड बारीक छिद्रातून जाताना पसरतो, आणि छिद्र जितकं बारीक तितका जास्त पसरतो. त्याची ढोबळ मर्यादा काढायला १५०० ला एफच्या आकड्याने भागायचं. एफ ८ ला जवळपास १८५ रेषाजोड्या (जोडी म्हणजे एक काळी, एक पांढरी रेष) प्रति मिलिमीटर येतात, एफ २२ ला ७० च्याही खाली. ही अगदी निर्दोष लेन्सची कमाल मर्यादा आहे, आपली लेन्स त्याच्या आतच राहते. दुसऱ्या बाजूला फिल्म. टी-मॅक्स १०० साठी कोडॅकने दोन आकडे दिलेत. विषयातला काळ्या-पांढऱ्याचा फरक १००० ला १ असेल तर २०० रेषा, आणि फरक १.६ ला १ इतकाच असेल तर ६३. दुसरा आकडा लोक वाचतच नाहीत. कैलासच्या सावलीतला काळा बेसाल्ट म्हणजे हा दुसरा आकडा आहे. दगडही काळपट, त्यावरची नक्षीही काळपट. मित्राने सुचवलेला रोल तिथे २०० चा राहत नाही.

लेन्स आणि फिल्म एकत्र आल्या की निकाल दोघींपेक्षाही कमी येतो. ढोबळ हिशेब असा: दोन्ही आकड्यांचे व्यस्त घ्यायचे, त्यांची बेरीज करायची आणि तिचा पुन्हा व्यस्त. एफ २२ चे ६८ आणि फिल्मचे ६३ मिळून ३३ च्या आसपास उरतात. तेच एफ ८ ला ४७ च्या आसपास. आता ८ बाय १० ची कॉपी म्हणजे ३५ मिमीची निगेटिव्ह साधारण आठपट मोठी. हातभर अंतरावरून कॉपी नीट वाटायला कागदावर मिलिमीटरला पाचेक रेषाजोड्या लागतात, म्हणजे निगेटिव्हवर ४०. एफ ८ पास होतो, एफ २२ नापास. टी-मॅक्स १०० घातला तरी नापासच, कारण वरचा हिशेब त्याच फिल्मचा केलाय.

‘पण एफ २२ शिवाय मागचं-पुढचं कसं स्पष्ट येणार?’ हे तुम्ही विचाराल. ५० मिमीच्या लेन्सला एफ ८ वर साधारण १० मीटरवर फोकस ठेवा. ५ मीटरपासून अनंतापर्यंत चालण्यासारखं येतं. कैलासच्या प्रांगणात किंवा वरच्या कड्यावरून तुमच्यासमोर ५ मीटरच्या आत फारसं काही नसतंच. एखादा खांब अगदी जवळून आणि त्यामागचं शिखरही हवं असेल, तर एफ ११, फार तर १६. तेवढी तडजोड मीही करतो.

हात हलण्याचं गणित याहून सोपं आहे आणि याहून महत्त्वाचं. भर उन्हात ४०० च्या रोलला एफ १६ वर १/५०० चालतो. मोकळ्या सावलीत उजेड तीनेक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) कमी होतो, म्हणजे एफ २२ वर शटर १/३० ला येतं. ओवरीच्या आत शिरलात की १/८, १/४. लेणी चढून दम लागलेल्या माणसाच्या हातात १/३० टिकत नाही. ५० मिमीला १/६० पुरतं असं जुने लोक सांगतात, मी १/१२५ च्या खाली बिनस्टँडचा विश्वास ठेवत नाही. आता याच जागी १०० स्पीडचा रोल घाला. दोन स्टॉप आणखी गेले, १/३० चं १/८ झालं. दाणा बारीक झाला, आणि त्या बारीक दाण्यात हललेला हात अधिक स्वच्छ छापला गेला. म्हणून म्हणतो, मित्राचा सल्ला ऐकला असतात तर त्या दिवशी फोटो आणखी बिघडले असते. स्टँड असेल, उजेड भरपूर असेल, तर हाच सल्ला उत्तम आहे. परिस्थितीवर अवलंबून असतं ते असं.

आता दाण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण त्याला फार दूषणं दिली जातात. फिल्ममधले चांदीचे कण मायक्रॉनभर (मिलिमीटरचा हजारावा भाग), त्याच्या आगेमागे असतात. आठपट मोठे केले तरी नुसत्या डोळ्याला एकटा कण दिसणार नाही. आपल्याला दिसतो तो जिलेटिनच्या जाडीत एकमेकांच्या आड-वर आलेल्या कणांचा घोळका. आणि कॉपीतला काळा दाणा तर निगेटिव्हवरच्या चांदीचा नसतोच. निगेटिव्हवर चांदी जिथे नाही, त्या फटीतून उजेड येतो आणि खालचा कागद काळा होतो. कोडॅक हा दाणा ४८ मायक्रॉनच्या छिद्रातून मोजतं आणि एक आकडा देतं: टी-मॅक्स १०० चा ८, टी-मॅक्स ४०० चा १०, ट्राय-एक्सचा १७. उपयोगी आकडा आहे, पण तो एकसारख्या करड्या पट्ट्यावर मोजलेला असतो. म्हणूनच तुम्हाला दाणा आकाशात दिसला, नक्षीत नाही. सपाट करड्या रंगात त्याला लपायला जागा नसते. नक्षीकाम, झाडाची पानं, गर्दी, घोंगडी, यांच्यात तोच दाणा विरून जातो.

दाणा वाढवणाऱ्या तीन सवयी मी सतत पाहतो. एक, गरजेपेक्षा जास्त एक्स्पोजर. निगेटिव्ह दाट होते, उजेड जिलेटिनमध्ये इकडेतिकडे पसरतो, दाणाही वाढतो आणि कडाही मऊ होतात. दोन, याच्या उलट: सावलीत एक्स्पोजर कमी पडलं, मग फिकी निगेटिव्ह कडक ग्रेडच्या (जास्त कॉन्ट्रास्टच्या) कागदावर ओढली, त्यात दाणा भडकतो. तिसरी, स्कॅन करून कॉम्प्युटरवर शार्पनेसची पट्टी सरकवत नेणं. तिथे कडा आणि दाणा यांत फरक न करता दोन्ही टोकरले जातात. स्कॅनचं आणखी एक: २४०० डीपीआय म्हणजे मिलिमीटरला साधारण ९५ ठिपके, म्हणजे कागदोपत्री ४७ रेषाजोड्या. सपाट काचेचा घरगुती स्कॅनर तेवढंही देत नाही. स्कॅनवरून लेन्सला नापास करू नका.

डेव्हलपर. इथे मी जरा रेंगाळणार आहे. डी-७६ च्या एक लिटरमध्ये मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. आम्ही स्टुडिओत हेच हाताने तोलून करायचो. आधी चिमूटभर सल्फाइट, मग मेटॉल, मग उरलेलं सल्फाइट आणि बाकीचं, कारण दाट सल्फाइटमध्ये मेटॉल विरघळत नाही. (हातमोजे घाला, मेटॉलने बोटांची कातडी सोलवटते.) यातलं १०० ग्रॅम सल्फाइट हे दाणा बारीक करणारं औषध आहे. ते कणांच्या कडा किंचित विरघळवतं. कणांच्या कडा विरघळल्या की दाणा मऊ होतो, आणि त्याबरोबर चित्राचा रेखीवपणाही थोडा जातो. ‘फाइन ग्रेन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या डेव्हलपरांमध्ये हाच गुण आणखी वाढवलेला असतो. उलट टोकाला रोडिनाल. १८९१ पासून चालत आलेलं औषध, १ भागाला ५० भाग पाणी घालून वापरायचं. ते काही विरघळवत नाही. दाणा उघडा पडतो आणि कड कोरीव येते.

याच्या मधली वाट म्हणजे डी-७६ मध्ये तेवढंच पाणी घालून, एकास एक. सल्फाइट निम्म्यावर येतं, आणि दुसरं एक घडतं ते मला आजही आवडतं. निगेटिव्हवर आकाश काळं असतं आणि त्याला लागून शिखराचा दगड फिका. काळ्या बाजूला डेव्हलपर भराभर संपतो, फिक्या बाजूला तो ताजाच असतो. सीमेवर ताजा डेव्हलपर काळ्या बाजूत झिरपतो, त्यामुळे आकाशाची कड आणखी थोडी काळी होते. काळ्या बाजूला तयार झालेलं ब्रोमाइड इकडे फिक्या बाजूत येतं आणि तिथलं काम रोखतं, त्यामुळे दगडाची कड आणखी थोडी फिकी राहते. कॉपीत हे उलटं होऊन शिखराभोवती कुणी बारीक पेन्सिल फिरवल्यासारखं दिसतं. अनुस्वार तेवढाच राहतो, शिरोरेषा मात्र उठते. हे व्हायचं तर डेव्हलपर क्षणभर तरी स्थिर हवा. टाकी सतत हलवत राहिलात तर तो फरक धुऊन जातो. मी पहिली ३० सेकंद हलवतो, मग दर मिनिटाला १० सेकंद. पूर्ण न हलवता ठेवण्याच्या फंदात पडू नका, पट्टे येतात.

एचपी५ ला डी-७६ एकास एकमध्ये २० अंशाला १३ मिनिटं लागतात, २४ अंशाला साधारण ९. आणि इथे आपला मराठवाडा येतो. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी नळाला येतं तेव्हा हात भाजतो. आमच्याकडे एका मेमध्ये ओर्वो कंपनीचा एक रोल माझ्या हातून गेला. डेव्हलपर माठाच्या पाण्यात ठेवून २४ वर आणला होता, सगळं शिस्तीत केलं, आणि शेवटी धुवायला रोल थेट नळाखाली धरला. आटलेल्या तळ्याचा तळ जसा भेगाळतो, तशी त्यावरची जिलेटिन सुरकुतली. एका साखरपुड्याचे फोटो होते. आजच्या फिल्मची जिलेटिन कडक केलेली असते, ती इतकी सहज सुरकुतत नाही, पण मी ती परीक्षा पुन्हा घेतलेली नाही. डेव्हलपर, हायपो (फिक्सर), धुण्याचं पाणी, सगळं एकाच घमेल्यात शेजारी-शेजारी ठेवा, सगळं २४ ला असेल तर २४ लाच शेवटपर्यंत. माठाचं पाणी बाहेरून वापरा, डेव्हलपरमध्ये बर्फ टाकू नका. बोअरचं पाणी जड असतं, म्हणून डेव्हलपर करायला आणि शेवटच्या बुडवणीला बॅटरीचं पाणी आणा, नाहीतर वाळल्यावर पांढरे डाग राहतात आणि माणूस त्यालाच दाणा समजतो.

मोठा फॉरमॅट घेतला तर हे सगळे प्रश्न हलके होतात, हे खरंच आहे. १२० च्या रोलवरची ६ बाय ६ ची निगेटिव्ह ८ इंचाला चारपटीच्याही आत मोठी करावी लागते. जुना याशिका टीएलआर (१२० रोलचा दोन लेन्सचा कॅमेरा) चांगल्या स्थितीत मिळाला तर घ्या. पण तो हललेला हात थांबवणार नाही.

तर पुढचा रोल असा घालवा. वर्तमानपत्राचं ते पान भिंतीवर सपाट चिकटवा, अडीच मीटरवर स्टँड लावा, कॅमेरा पानाला अगदी समोरासमोर ठेवा. या अंतरावरून ५० मिमीची लेन्स पान पन्नासेकपट लहान करते, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा अनुस्वार निगेटिव्हवर शंभरावा भाग मिलिमीटर होतो. तो वेगळा दिसला तर तुम्हाला मिलिमीटरला ५० रेषाजोड्या मिळाल्या. सेल्फ टायमर लावून एफ २ पासून २२ पर्यंत प्रत्येक आकड्यावर एकेक फ्रेम. मग कॅमेरा हातात घ्या आणि १/५०० पासून १/१५ पर्यंत प्रत्येक शटरवर तीन-तीन. फ्रेम नंबर वहीत लिहा. ३६ च्या रोलात दहाएक फ्रेम उरतील, त्यात त्याच पानावर तिरपं ऊन पडलेलं आणि सावली आलेली, अशा जोड्या काढा.

वेरूळला पुन्हा याल तेव्हा मंगळवार सोडून या, त्या दिवशी लेणी बंद असतात. कैलासचं तोंड पश्चिमेला आहे, त्यामुळे सकाळी समोरचा भाग सावलीत असतो आणि तोच तो १.६ ला १ चा काळपट दगड तुमच्या वाट्याला येतो. दुपारी तीननंतर या. ऊन भिंतींवरून तिरपं घसरायला लागलं की छिन्नीचा एकेक घाव आपली सावली टाकतो, आणि तीच सावली फिल्मला हवी असते. एफ ८, १/१००० च्या आसपास, कोपर खांबाऐवजी आपल्याच बरगडीला टेकवून, श्वास सोडून झाल्यावर बटण दाबा. रोल तोच ठेवा, एचपी५. निगेटिव्ह वाळली की आधी त्या वर्तमानपत्राच्या रोलवर हातात धरलेल्या १/६० च्या तीन फ्रेम भिंगाखाली घ्या आणि तिन्हीत अनुस्वार शोधा.